सोन्याच्या नळकांड्याचं दुसरं वजन

४ फेब्रुवारी

ताई,

पुढे काय लिहायचं ते कळत नाही. आठ वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, तेव्हा ‘कशी आहेस’ विचारणं आगाऊपणाचं होईल. पत्ता आईच्या डायरीतून घेतला. तिला न विचारता घेतला, म्हणजे चोरलाच.

कामाचं सांगतो. प्रयोगशाळेत सगळ्या जुन्या प्रयोगांची एक पक्की नोंद तयार होते आहे. एकदा छापली की बदल नाही. तुझ्या यंत्राने घेतलेली दोन वर्षांची एकसष्ट मापं तिच्यातून वगळणार आहेत. कारणाच्या रकान्यात ‘यंत्र अविश्वसनीय’ असं लिहिलंय आणि पुढे तुझं नाव. अठ्ठावीस तारखेला नोंद बंद होईल. तुला कळावं म्हणून लिहिलं. माझा त्यात काही संबंध नाही, मला फक्त माझ्या जुन्या वह्या द्यायच्या आहेत.

आई बरी आहे. तिची चौकशी करण्याची सवय तशीच आहे. परवा जेवताना म्हणाली, “तुम्ही दोघं बहीण-भाऊ एकाच जागी इतकी वर्षं काम करत होतात, पण नक्की काय करत होतात ते मला कुणी धड सांगितलंच नाही.” मग सांगितलं. सोन्याचं एक नळकांडं असतं, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढं. ते मी करतो. त्याच्या पोटात मधोमध मिरीएवढी एक गोळी टांगतात, गोळीत हायड्रोजन असतो. नळकांड्याला दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यांतून लेसरचे झोत आत सोडतात. पण झोत गोळीला लागू द्यायचे नाहीत. ते पाडायचे सोन्याच्या आतल्या भिंतीवर. भिंत इतकी तापते की तिच्यातून एक्स-रे निघायला लागतात आणि सगळी पोकळी त्यांनी भरून जाते. त्यात गोळीची साल चहूबाजूंनी सारखी उडते, आतला हायड्रोजन दाबला जातो, आणि दाब पुरेसा झाला तर अणू एकमेकांत मिसळतात. सूर्यात मिसळतात तसेच.

“मग सरळ गोळीवरच का नाही मारत?” आई म्हणाली. तुझ्या विभागातल्या नव्या लोकांनाही हा प्रश्न पडायला सहा महिने लागतात. मी म्हटलं, झोत नेमके पडतात, ठिपक्याठिपक्यांनी. भिंतीतून आलेला एक्स-रेचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो. गोळी एका बाजूने जरी कमी दाबली गेली तरी खेळ खलास. “आणि सोन्याचं काय होतं?” “वाफ होते.” “दर वेळी?” “दर वेळी.” यावर ती म्हणाली, “बायकोला मात्र एक अंगठी करून दिली नाहीस.”

आणि ताई काय करायची, ते विचारलं तेव्हा मी म्हटलं, ती तो उजेड मोजायची. तुझी भावजय उठून भांडी घासायला गेली.

एवढंच. तुला त्या शेवटच्या प्रयोगाच्या दिवसाचं काही आठवतं का? सहज विचारतोय.

चिमट्या


११ फेब्रुवारी

ताई,

सहज विचारलं नव्हतं.

मागच्या पत्रात लिहिलं की माझा काही संबंध नाही. ते लिहिताना वही माझ्यासमोर उघडी होती. तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय. कुणाला सांगावं ते समजत नाही, आणि सगळ्यात शेवटी जिला सांगायला हवं तिलाच सांगत बसलोय.

माझं काम तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही कळेल. आधी तांब्याची कांडी कातायची. तिच्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा. मग ती ॲसिडमध्ये ठेवायची. ॲसिड तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. आतला साचा विरघळून जातो आणि सोन्याचं पोकळ नळकांडं उरतं. पण आत तांबं पूर्ण संपलं हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाहेर काढायचं, धुवायचं, सुकवायचं, वजन करायचं. पुन्हा तासभर ॲसिडमध्ये ठेवायचं, पुन्हा वजन करायचं. दुसरं वजन घटलं नाही म्हणजे आत काही उरलं नाही. पहिलं आणि दुसरं, दोन्ही वजनं वहीत लिहायची.

माझा काटा किती नाजूक आहे ते तू पाहिलंयस. शेजारून कुणी चालत गेलं तरी आकडा हलतो. तेच नळकांडं पाठोपाठ दोनदा ठेवलं तरी शेवटचा आकडा एक-दोनने पुढेमागे होतोच. माझ्या वहीत शेकडो नोंदी आहेत. शेवटचे आकडे बारा-चौदा, सात-आठ, तीस-एकतीस असे. शेवटी कुठे ना कुठे फरक आहेच.

तुझ्या त्या शेवटच्या प्रयोगाच्या नळकांड्यापुढे पहिलं वजन आहे १३८.४१७ मिलिग्रॅम. दुसरं वजनही १३८.४१७.

शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. अक्षर माझं. सही माझी.

योगायोग असू शकतो. क्वचित कधी काटा तोच आकडा दाखवूही शकतो. पण मी ते पान पुन्हा पुन्हा पाहतोय आणि दुसऱ्या आकड्याची शाई पहिल्यासारखीच दिसते, एका दमात लिहिल्यासारखी. मध्ये तास गेला असेल असं वाटत नाही. मला मात्र काही आठवत नाही. ताई, खरंच काही आठवत नाही.

एक आठवतं. त्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तुझा प्रयोग जवळ आला होता म्हणून सगळी धावपळ माझ्या गळ्यात आली होती आणि तू दोनदा फोन करून मला पिटाळलं होतंस. मी घाईत निघालो असेन. म्हणजे तसं पाहिलं तर त्या घाईला तूच कारण होतीस.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

चिमट्या


१४ फेब्रुवारी

ताई,

ते वाक्य खोडायलाच हवं होतं.

आज आईची औषधांची पिशवी उपसली. तुझी भावजय म्हणाली, “अहो, काय शोधताय, पोट बिघडलंय का?” ऑपरेशनचा कागद सापडला. ऑपरेशन वजनानंतर नऊ दिवसांनी झालंय. त्या दिवशी आई घरात ठणठणीत होती. म्हणजे घाई नव्हती, आणि तुझा फोनही नव्हता. तुझ्यावर ढकललं त्याबद्दल माफ कर.

मग मी दुसरी कारणं शोधायला लागलो. वीज गेली असेल? इमारतीची नोंदवही पाहिली. गेली नव्हती. ॲसिडची खोली धुरामुळे बंद केली होती का? नव्हती. मला ताप होता का? त्या महिन्यात माझी एकही रजा नाही. मोठ्या साहेबांनी लवकर मागितलं होतं का? मागणीचा कागद आहे, त्यावर दोन दिवस पुढची तारीख आहे. सगळीकडे हात घातला आणि सगळीकडून रिकामा आला. कारण असं काही नव्हतंच. दुपारची वेळ, आणखी एक तास उभं राहायचं जिवावर आलं असेल, आणि मी तोच आकडा खाली उतरवला असेल. एवढंच असेल का? इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस असं करतो का? मी करतो का?

आता प्रयोगानंतरची ती बैठक. मी ती आठ वर्षं जशी आठवत आलो तशी लिहितो. लांब टेबल, एका बाजूला लेसरवाले, एका बाजूला आम्ही नळकांडीवाले, टोकाला तू. त्या वेळी नळकांड्यात गोळी नव्हती, नुसत्या पोकळीतला उजेड मोजायचा होता. तुझ्या यंत्राने वरच्या भोकातून ठरल्याइतके एक्स-रे दाखवले, खालच्या भोकातून दहातला एक भाग कमी. लेसरवाले म्हणाले, आमचे झोत दोन्हीकडे सारखे होते, आणि त्यांनी कागद पुढे केले. मग राहिलो आपण दोघं. एक तर नळकांडं चुकलं, नाहीतर यंत्र.

तू माझ्याकडे वळून विचारलंस, “साचा पूर्ण विरघळला होता ना?”

मी म्हटलं, “हो.”

तू पुन्हा विचारलंस, “दोन्ही वजनं झाली होती?”

मी म्हटलं, “हो म्हटलं ना.”

मला राग आला होता, हे पक्कं आठवतं. सगळ्यांसमोर सख्खी बहीण माझ्या कामावर बोट ठेवते. घरी विचारायचं ना. पण ‘हो’ म्हणताना मला माहीत होतं का? इथेच माझं घोडं अडतं. कधी वाटतं, माहीत नव्हतं, मी माझ्या सवयीवर विसंबून बोललो. कधी वाटतं, मनात शंका आली होती आणि ती मी रागाखाली दाबली. कधी वाटतं, ही शंका मी आत्ता, वही पाहिल्यावर, मागे नेऊन चिकटवतोय. तिन्ही खरं वाटतं. खोटं बोललो की चुकलो, हे माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नसेल तर कुणाला विचारायचं?

तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, “मग माझंच यंत्र चुकत असेल.” पुढच्याच महिन्यात राजीनामा. माझ्याशी बोलणं बंद. मी सगळ्यांना सांगत फिरलो की ताईला हार पचली नाही.

अजून चौदा दिवस आहेत. कुणाकडे जावं आणि काय म्हणावं ते ठरत नाही. नुसत्या दोन सारख्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तर? चिमट्याचं काम म्हणजे डोळे मिटून घ्या, असं नव्या लोकांना सांगतात. ते जाईल, मग माझ्याकडे उरेल काय?

चिमट्या


२० फेब्रुवारी

ताई,

आज मी तुझ्यावर प्रचंड चिडलोय. आधीच सांगतो.

नोंदणीच्या बाई तुझ्या जुन्या खोलीतलं कपाट रिकामं करत होत्या. त्यांनी मला बोलावून एक पाकीट दिलं. “तुमच्या बहिणीचं आहे, फेकवत नाही, तुम्हीच बघा.” आत एक फिल्म. त्या प्रयोगातल्या एक्स-रेचा वर्णपट. मला त्यातलं फार कळत नाही, पण प्रत्येक धातूच्या रेषा आपल्या ठरल्या जागी पडतात आणि सोन्याच्या कुठे पडतात हे इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालंय. त्या आपल्या जागी आहेत. त्यांच्यापासून दूर आणखी एक रेष आहे. बारीक आहे, पण अगदी स्वच्छ. तिला तू पेन्सिलीने बाण काढलायस आणि लिहिलंयस: तांबं? त्याखाली: चिमट्याला विचारणे. आणि पुढे बरोबरची खूण. विचारून झालं.

तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तुला ठाऊक होतं! तुझ्या हातात फिल्म होती. ती टेबलावर टाकली असतीस तर माझं ‘हो’ तिथल्या तिथे उताणं पडलं असतं. तू ती पाकिटात घातलीस, कपाटात ठेवलीस आणि दोष अंगावर घेऊन निघून गेलीस. कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? मला विचारलंस? लहानपणी माझी काच फुटली तरी बाबांपुढे तू जायचीस, ते ठीक होतं, मी सात वर्षांचा होतो. चाळिशीतल्या माणसाला पाठीशी घालतात का? आणि वर आठ वर्षं अबोला. मी इथे तुला नावं ठेवत बसलो आणि तू तिकडे मोठेपणा घेऊन बसलीस. मला इतकं लहान करायचा अधिकार तुला कुणी दिला?

हे लिहून मी चक्कर मारून आलो. थोडं शांत वाटतंय, पण राग गेलेला नाही. राग तुझ्यावर आहे की माझ्यावर, तेही आता नीट सांगता येत नाही. आईने विचारलं, “कुणाला पत्रं लिहितोस रे सारखी?” मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. हे मात्र खोटं बोललो, आणि बोलताना माहीत होतं.

मला एकदा उत्तर दे. चार ओळी. का केलंस तसं?

चिमट्या


२ मार्च

ताई,

तुझं पत्र सव्वीसला दुपारी आलं. चारच ओळी मागितल्या होत्या, तू नऊ लिहिल्यास. त्या मला पाठ झाल्यात, तरी इथे पुन्हा उतरवतो. का ते विचारू नकोस, हाताला तेवढंच सुचतंय.

‘चिमट्या, मी तुला वाचवलं नाही. एवढी मोठी नाही मी. तू हो म्हणालास, मी खरं मानलं. तू शाळेत असल्यापासून हाताने जे करतोस ते नीट करतोस, हे मी पाहिलंय. मग ती रेष आमच्या खोलीतल्या एखाद्या तांब्याच्या नळीची असणार, असं मी ठरवलं. आणि यंत्र एकदा चुकलं म्हटल्यावर बाकीची साठ मापंही खोटी वाटायला लागली. बोलणं टाकलं ते लाजेने. चारचौघांत तुझ्या कामावर उगाच संशय घेतला होता. आता मी वाचनालयात पुस्तकं लावते, मोजायचं काही नसतं, तरी घरातून निघताना गॅस बंद आहे की नाही ते तीनदा बघते.’

मी हे उभ्यानेच वाचलं. मग खाली बसलो. मला रडू आलं, तुझ्या भावजयीसमोर, आईसमोर. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं. तिच्यापासून लपवायचं आता काही उरलं नाही. ती वाचून म्हणाली, “अरे, मग अजून घरात काय करतोयस?”

तू मला पाठीशी घातलं असतंस तर ते मी कसंबसं सोसलं असतं, चिडून का होईना. पण तू तुझ्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दाला जास्त मानलंस, आणि तो शब्द मी एका तासाच्या कंटाळ्यावर उधळला. यावर चिडायलाही जागा नाही.

सत्तावीसला सकाळी मी मोठ्या साहेबांपुढे वही, फिल्म आणि माझं लेखी निवेदन ठेवलं. त्यांनी वर्णपट बघायला दोन जणांना बोलावलं. ते दोघं भिंग लावून अर्धा तास कुजबुजत होते. शेवटी त्यातला एक म्हणाला, “तांबंच आहे, साहेब. खालच्या टोकाला पापुद्रा राहिला असेल. सोन्याइतका उजेड तांबं परत देत नाही. यांच्या बहिणीचं खालचं माप अगदी बरोबर येतं.”

साहेबांनी चष्मा काढला. “तेव्हा खोटं बोललात की चुकलात?”

मी म्हटलं, “साहेब, ते मला कळत नाही.”

“असं कसं?”

“बरेच दिवस शोधतोय. सापडत नाही.”

“आणखी किती वेळा केलंय असं?”

“तेही माहीत नाही. वह्या तपासा.”

त्यांनी कागदावर ‘अनवधानाने चूक’ असं लिहिलं. माझ्यावर मेहेरबानीच होती ती, आणि मूग गिळून बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, हे नको. तिथे लिहा की दुसरं वजन केलं नाही आणि केल्याचं लिहिलं. बाकी सगळ्याबद्दल माझा गोंधळ आहे, एवढ्याबद्दल नाही. त्यांनी आधीचे शब्द खोडले आणि तसं लिहिलं. मी सही केली.

माझं टेबल सध्या बंद आहे. आठ-दहा वर्षांच्या माझ्या सगळ्या वह्या तिघं जण तपासताहेत, शेवटचे आकडे बघताहेत. मी त्यांना पानं काढून देतो. नवे लोक माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात. वाईट वाटतं, ते नाही म्हणत नाही. झोप मात्र लागते.

तुझी एकसष्टच्या एकसष्ट मापं नोंदीत गेली. अठ्ठावीसला नोंद बंद झाली तेव्हा ती आत होती, तुझ्या नावासकट. मी छापायला जाणारं पान बघून आलो.

आता एक विचारायचंय. तुझं यंत्र खालच्या खोलीत झाकून ठेवलंय. साहेबांना ते पुन्हा लावायचंय आणि ते लावता येणारं इथे दुसरं कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आधी तिला विचारतो.

तुला पुन्हा ते बघायचं असेल, किंवा आयुष्यात कधी तोंड बघायचं नसेल, मला काहीच अंदाज नाही. घाई नाही. देऊ का पत्ता? हो म्हण, नाहीतर नाही म्हण. जे म्हणशील ते मी खरं मानीन.

तुझा,
चिमट्या